विलायती डबा आणि आखाजी

नोकरीतून मोकळा झाला आणि योगराज रंगमास्तरला घराला चाकं लावायची बुद्धी सुचली. या वयात लोकांना देवधर्म आठवतो. योगराजला विलायत आठवली, तीही कधी न पाहिलेली.

सुरतेजवळ पलसाण्याच्या ज्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमध्ये त्याने उभा जन्म साड्यांचे रंग जुळवण्यात घालवला, तिथल्या शेठच्या थोरल्या काकांनी फार पूर्वी इंग्लंडहून बोटीने एक कॅरव्हॅन आणली होती. कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे बांधून ओढायची खोली. आत दोन बाकं, ती झोपताना पलंग होतात. एक कपाट, एक एवढीशी मोरी आणि दोन शेगड्यांचा गॅस. काका दोनेक सहली करून वारले, आणि खोली बंगल्यामागे चिकूच्या झाडाखाली उभी राहिली ती राहिलीच. मधल्या काळात तिच्यात कोंबड्यांच्या कैक पिढ्या नांदल्या. बंगला पाडायला काढला तेव्हा शेठ म्हणाले, ‘मास्तर, जोईतुं होय तो लई जाओ.’ फुकट मिळाला तर हत्तीही दारात बांधू म्हणणाऱ्यांपैकी योगराज. त्याने तो हत्ती एका पिकअपमागे बांधला आणि भेस्तानला आपल्या रो-हाऊससमोर आणून उभा केला.

सोसायटीतल्या बायकांना वाटलं, आधारची गाडी आली. अर्ध्या तासात पाच-सहा जणी कार्डं घेऊन रांगेत उभ्या. एकीने तर अंगठ्याच्या ठशासाठी नातवाचे हात धुऊन त्याला आणलं होतं. योगराज आतून कोंबड्यांची विष्ठा खरवडत बाहेर आला तेव्हा तिने त्यालाच विचारलं, ‘साहेब जेवाले गयात का?’ समोरच्या घरातला धुडकू, जो योगराजबरोबर खानदेशातल्या गावाहून सुरतेला आला आणि तेव्हापासून त्याची टर उडवणं हाच ज्याचा जोडधंदा होता, तो पोट धरून हसला. त्या दिवसापासून गाडीचं नाव पडलं ‘डबा’.

योगराजची माय भागीरथी ओट्यावर बसून हे सगळं पाहत असे. ऐंशीच्या घरातली बाई, नजर अजून घारीची. तिने एकदाच विचारलं, ‘घर शे ना आपले? मंग हाई कसाले?’

‘माय, हाई फिराले. सुषमाले हवापाण्याले लई जासू.’

‘आठे हवा नही का?’ असं म्हणून म्हातारीने तोंड फिरवलं.

आता सुषमाचं नाव त्याने उगाच घेतलं नव्हतं. सुषमा त्याची बायको. लग्न होऊन सुरतेला आली आणि त्यानंतर ती जिथे जिथे गेली, तिथे कुणाच्या तरी लग्नाला, कुणाच्या दहाव्याला, नाहीतर देवीच्या गडावर नवस फेडायला. आणि जिथे गेली तिथे तिच्या नशिबी चुलीवरचं मातीचं खापर आलं. सुषमाच्या हातची खापरावरची पुरणपोळी, अख्ख्या भावकीत नाव! मनगटावर झेलत झेलत ती पोळी अशी वाढवायची की धोतर वाळत घालावं. त्यामुळे पाहुणी म्हणून गेलेली सुषमा दोन घोट पाणी प्यायची आणि कमरेला पदर खोचून चुलीपुढे बसायची. लोक कौतुक करायचे, योगराज ते कौतुक घरमालकाच्या तोऱ्याने ऐकायचा. मोकळा झाल्यावर कधीतरी त्याच्या डोक्यात आलं, की या बाईला आपण आयुष्यात एक सुट्टी दिलेली नाही. हा विचार चांगला होता. इथपर्यंत योगराजचं काही चुकलं नाही. पुढे मात्र त्याने विचारात स्वतःची अक्कल घातली.

पावसाळा-हिवाळा तो डब्यात घुसलेला. गंज खरवडला, चाकं बदलली, बाकांना जुन्या शेठच्याच मिलमधलं कापड लावलं. शेवटी रंग. हजारो साड्यांचे रंग डोळ्यांनी जुळवलेला मास्तर, त्याला पत्र्याला हस्तिदंती रंग लावायचा होता. पण कापड रंग पितं, पत्रा पीत नाही. हे जन्मभर रंगात हात बुडवलेल्या माणसाला कुणी सांगायला हवं होतं असं नाही, तरी डबा वाळला तेव्हा असा पिवळाधम्मक निघाला की धुडकू म्हणाला, ‘नवरदेवले हळद लागनी, आते वरात कव्हय?’ योगराज म्हणाला, विलायतेत हाच रंग चालतो. त्याला विलायतेतलं काय ठाऊक होतं, देव जाणे.

डबा तयार झाल्यावर त्याने सुषमाला आत बोलावलं. कपाट उघडून दाखवलं, बाकाचा पलंग करून दाखवला, आणि सगळ्यात शेवटी, जादूगाराने रुमालाखालून कबूतर काढावं तसा एक फळा उचलला. खाली दोन शेगड्या, चकचकीत. शेजारी गॅसचा छोटा बाटला.

‘देख! जठे जासू तठे चहा. जठे जासू तठे भाजी-भाकर. हॉटेलनं काही कामच नही!’

सुषमाने शेगड्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘बरं शे.’ योगराजला वाटलं, आनंदाने तिला शब्द सुचत नाहीत.

पहिली सहल ठरली उभराटच्या दर्याकिनारी. सचिन गावावरून सरळ रस्ता, अंतरही बेताचं. दोघांनीच जायचं होतं. पण घर चालताना कसं दिसतं हे पाहायला धुडकू मोटारसायकलवर मागे आला, धुडकू आला म्हणून त्याचे दोन मेहुणे आले, आणि मेहुणे आले म्हणून त्यांच्या बायका-पोरं रिक्षा करून आली. खानदेशी माणूस एकटा फक्त वर जातो, तिथेही पोचवायला शंभर जण लागतात. योगराजला तर हे हवंच होतं. सुरूच्या झाडांखाली घडीची खुर्ची टाकून तो डब्याचा इतिहास सांगत बसला. कुणी चहा मागितला, आतून चहा आला. कुणी म्हणालं भजी, आतून भजी आली. मग कुणाला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची आठवण झाली.

उन्हाळ्याचे दिवस. ज्यांनी तो डबा बांधला, त्या लोकांना ऊब विकत घ्यावी लागते, त्यामुळे त्यांनी आत पंखा दिला नव्हता, शेकोटी दिली होती. खिडक्या मोठ्या, पण निम्म्या न उघडणाऱ्या. दुपारी योगराज मीठ आणायला म्हणून एकदा आत गेला, आणि निखाऱ्यातल्या भरताच्या वांग्यासारखा होऊन बाहेर आला. ‘आत जरा गरम होस,’ असं त्याने मंडळींना सांगितलं. सुषमा आतच होती.

परतल्यावर त्याने विचारलं, ‘मजा उनी ना?’

सुषमा पाय चोळत होती. म्हणाली, ‘घरनी चूल बरी. तठे निदान पंखा तरी शे.’

एवढ्या मोठ्या वाक्यातला योगराजला एकच शब्द ऐकू आला. दुसऱ्या दिवशी त्याने डब्यात पंखा बसवला.

पुढे चैत्रात एका संध्याकाळी सुषमा ओट्यावर चिंचा फोडत बसली होती. भागीरथी सहज म्हणाली, ‘आखाजी उनी वं जवळ.’ सुषमा म्हणाली, ‘आते कसानी आखाजी, माय?’ आणि चिंचा फोडत राहिली. तिच्या आवाजात असं काही होतं की योगराजसारख्या माणसालाही ते कळलं.

अक्षय्य तृतीया सगळीकडे असते, पण आखाजी खानदेशातच. सासरी नांदणाऱ्या लेकीला घ्यायला माहेराहून मुऱ्हाळी येतो, म्हणजे भाऊ, नाहीतर भावासारखा कुणी. लेक माहेरी जाते, लिंबाच्या झोक्यावर बसते, गौराईची गाणी म्हणते, आमरस खाते, आणि तिला कुणी काडी उचलू देत नाही. वर्षभर पिळून निघालेल्या बाईचे ते चार दिवस. सुषमाचं माहेर तापीकाठचं, सारंगखेड्याच्या बाजूला. आई-वडील गेले. भाऊ कुंदन शेतात भागेना म्हणून सुरतेला आला, सचिनला दोन खोल्यांत राहिला, कापडाच्या ताक्यांची पिकअप चालवू लागला. गावातल्या घराला कुलूप लागलं. भाऊ इतका जवळ आला की माहेर उरलंच नाही. भेस्तानहून सचिनला कुणी माहेरपणाला जातं का? तिथे लोक रिक्षाने जाऊन तासाभरात परत येतात.

योगराजला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उठला तो नवी योजना घेऊनच. सोनगढच्या पुढे, उकाईच्या धरणाच्या पाण्याला लागून एका ओळखीच्या माणसाची आंबावाडी होती. पाणी तापीचंच. डबा तिथे न्यायचा, आंब्याला झोका बांधायचा, चार दिवस राहायचं. ‘तुन्हं माहेर मी चाकवर आणसू,’ असं तो सुषमाला म्हणाला. सुषमाने चमकून पाहिलं आणि विचारलं, ‘खरंच?’ तिच्या तोंडावर क्षणभर परकर-पोलक्यातली पोर दिसली. योगराजने ठरवलं, काही झालं तरी ही आखाजी चुकवायची नाही. एवढी एक गोष्ट आपण बायकोसाठी नीट करायची. ती नीट झाली नाही तर धुडकूने हसण्याआधी आपणच आपल्याला हसायचं.

तयारी जोरात झाली. योगराजने स्वतःसाठी फुलाफुलांचा शर्ट, काळा गॉगल आणि आयुष्यातली पहिली हाफ पँट घेतली. सहलीला जाणारे लोक अशीच घालतात, हे त्याने मोबाईलवर पाहिलं होतं. पण आखाजीला सुरतेतला निम्मा खानदेश गावाकडे पळतो. त्यात डबा ओढणारा ठरलेला पिकअपवालाही पळाला. दुसरा मिळेना. शेवटी त्याने मेहुण्याला फोन लावला.

‘कुंदन, आखाजीना दिन सकाळीच गाडी लई ये. तुन्ही ताईले लई जानं शे.’

 पलीकडून कुंदन म्हणाला, ‘येस, दाजी. कसा नही येवाव?’ आवाज जरा भरल्यासारखा वाटला. योगराजला वाटलं, धूळ गेली असेल घशात.

आखाजीच्या सकाळी योगराज हाफ पँट घालून, गॉगल कपाळावर चढवून, डब्याचा हूक पुसत उभा होता. कुंदनची पिकअप वळली आणि सगळी गल्ली बघू लागली. पुढच्या काचेला आंब्याच्या पानांचं तोरण. कुंदन नव्या पांढऱ्या शर्टात, डोक्याला टोपी. त्याची बायको वर्षा नऊवार नाही, पण ठेवणीतली साडी नेसलेली, हातात सांजोऱ्यांचा डबा, काखेत पिशवी. पिशवीत सुषमासाठी लुगडं आणि हिरव्या बांगड्या.

‘अरे, गाडी ओढाले उना का लगनले?’ योगराजने विचारलं.

कुंदन लाजला. ‘दाजी, आखाजीना दिन भाऊ बहीणना दारमा रिकामा हातवरी कसा येई?’

ओट्यावरून भागीरथी उठली. गुडघे न धरता, स्वतःच्या पायांनी उभी राहिली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, ‘सुषमा वं! मुऱ्हाळी उना!’

सुषमा दारात आली. भावाला पाहिलं, तोरण पाहिलं, वर्षाच्या पिशवीतून डोकावणारं लुगडं पाहिलं.  पदराने तोंड झाकून रडली, आणि रडता रडताच आत जाऊन आरतीचं ताट घेऊन आली. शेजारच्या बायका जमल्या. योगराजला आनंद झाला. त्याला वाटलं, योजना अपेक्षेपेक्षाही छान रंगली.

योगराजकडून आंबावाडीचा रस्ता समजून घेऊन कुंदनने डबा पिकअपला जोडला. वर्षा पुढे चढली, तिच्या शेजारी नवं लुगडं नेसून सुषमा बसली. योगराज दुसऱ्या बाजूने चढायला गेला तर तिथे कुंदन. पुढची जागा संपली होती.

‘मी डबामा बसस मंग,’ तो म्हणाला.

‘कोठे बसस?’ मागून भागीरथीचा आवाज आला. ‘तू कोठे चालना?’

‘माय, सहल माझीच आहे. डबा माझा आहे!’ घाईत तो शुद्ध मराठी बोलला. घाबरला की योगराज मास्तर शुद्ध बोलत असे.

‘मुऱ्हाळी उना, लेक माहेरले चालनी. तिन्हा मांगे नवरा जास का? पहिला सालले नवा जवाईले बलावतस. तू आते नवा शे का?’ मग म्हातारीची नजर खाली गेली. ‘आनि हाई उघडा पायवरी सासुरवाडीले जाशी?’

गल्ली हसली. धुडकू तर कठड्याला टेकला. योगराजने शहाणपणाने मुद्दा मांडला, की डब्याचा ब्रेक फक्त आपल्याला कळतो. कुंदन नम्रपणे म्हणाला, ‘दाजी, मी जन्मभर गाडीच चालाडी राह्यनू.’ योगराज म्हणाला, तिथे स्वयंपाकाचं, गॅसचं कोण बघणार. कुंदन म्हणाला, ‘मन्हा स्टो शे गाडीमा. रोज रस्तावर मीच रांधस. ताईले आनि हिले दोन्हीसले हात लावू देवाव नही.’

योगराजला ते ऐकून उगाच चपराक बसल्यासारखं झालं. इतके महिने त्याने शेगड्या घासल्या, बाटला बसवला, नळी बदलली. त्या शेगडीपुढे सुषमाऐवजी दुसरं कुणी उभं राहू शकतं, दुसरं कुणी म्हणजे आपणही, हे त्याच्या डोक्याच्या आसपासही फिरकलं नव्हतं.

आता एकच आशा होती. तो खिडकीशी गेला आणि हळूच म्हणाला, ‘सुषमा, तू काय म्हनस? तू म्हनशी तर मी मोटारसायकलवर मांगे मांगे येस.’

त्याला वाटलं होतं, ती म्हणेल, या ना, तुमच्याशिवाय कसं. सिनेमात म्हणतात तसं. सुषमाने त्याच्याकडे पाहिलं. तिचा एक हात वर्षाच्या हातात घट्ट होता. ती म्हणाली, ‘तुम्ही म्हनशात तसं,’ आणि मान खाली घातली. जन्मभर ती हेच वाक्य म्हणत आली होती, आणि योगराज जन्मभर त्याचा अर्थ ‘हो’ असा घेत आला होता. आज पहिल्यांदाच त्याने वाक्य सोडून तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे स्पष्ट दिसत होतं, की हा माणूस आता काय म्हणतो याची तिला धास्ती वाटते आहे.

‘जा,’ तो म्हणाला. ‘मुऱ्हाळी उना, मंग जानं पडस.’

सुषमाचं तोंड असं उजळलं की योगराजला वाईट वाटायलाही उसंत मिळाली नाही. पिकअप सुरू झाली. तेवढ्यात ती थांबवायला सांगून सुषमा म्हणाली, ‘अहो, तो बाटला उतारी ल्या. तठे काय काम? घरना सरनार शे, तुमले लागी.’

त्याने स्वतःच्या हाताने बसवलेला बाटला स्वतःच्या हाताने उतरवला. पिवळाधम्मक डबा डुलत डुलत गल्लीच्या तोंडाशी वळला आणि दिसेनासा झाला. योगराज बाटला कवटाळून, फुलाफुलांच्या शर्टात, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. धुडकू हसायला आला होता, पण जवळ येऊन त्याने बाटल्याला एक हात लावला आणि म्हणाला, ‘चाल, आत ठेवी देऊत.’

दिवस मोठा गेला. दुपारी मायलेकांनी वर्षाने दिलेल्या सांजोऱ्या खाल्ल्या. संध्याकाळी भागीरथीने भूक लागल्याचं सांगितलं आणि योगराजने खिचडी टाकली. रंगाचं पाणी किती डिग्रीवर ठेवायचं हे ज्याला झोपेतही कळत होतं, त्याची खिचडी खाली लागली आणि वर कच्ची राहिली. म्हातारीने दोन घास खाल्ले, पुढचं ताट सरकवलं, आणि वाद घातला नाही. तिने वाद न घालणं योगराजला जास्त लागलं.

सुषमाचा फोन येईना. शेवटी यानेच केला. पलीकडे बायकांची गाणी चालली होती, वाडीवाल्याच्या घरच्या लेकीही जमल्या असाव्यात. सुषमा फोनवर आली ती धापा टाकत.

‘झोक्यावर होतू,’ ती म्हणाली.

‘पंखा नीट चालस ना डबामा?’

‘डबामा कोनी बसनं नही. बाकं काढीसन आंबाखाले टाकात. गार शे आठे. डबामा पिशव्या शेतस.’ मग त्याला वाईट वाटू नये म्हणून घाईने म्हणाली, ‘कपडा बदलाले भलता कामना शे.’

इतक्या महिन्यांच्या खटपटीचं ते एवढंसं फळ योगराजने मुकाट गिळलं. ‘जेवनीस का?’

‘कुंदननी वांगानी भाजी करी. तिखट करी ठेवी. पन मी दोन भाकरी जास्ती खादी. दुपारी झोपनू, अहो! बठ्ठी दुपार झोपनू. कोनी उठाडं नही.’

योगराज ऐकत राहिला. कुणी उठवलं नाही, ही गोष्ट ती त्याला सोन्याचा दागिना दाखवावा तशी दाखवत होती.  तो म्हणाला, ‘मी सकाळी येऊ का मोटारसायकलवर? दुपारी माघारी येसू. माय धुडकूकडे राही.’

पलीकडे गाणं चालूच होतं. सुषमा गाण्यापासून जरा लांब गेली. मग हळू, तक्रार नाही, राग नाही, आज भाजीत मीठ किती पडलं हे सांगावं इतक्या साधेपणाने म्हणाली, ‘नका येऊ. तुम्ही उनात का मी झोपेल ऱ्हायनू तरी चहा ठेवाले उठसू. मालेच कळत नही, पाय आपोआप चालतस. हाई चार दिन ऱ्हाऊ द्या.’

‘ऱ्हाय,’ योगराज म्हणाला. ‘जितला दिन वाटी तितला ऱ्हाय.’

त्याने फोन ठेवला. भागीरथी ओट्यावरून त्याच्याकडेच बघत होती.

‘कशी शे सुषमा?’

‘मजामा शे, माय.’

‘मंग तुन्हं तोंड का बरं उतरेल शे?’

योगराजकडे याचं उत्तर होतं. पण ते मायला सांगायचं तर आधी तिलाही विचारावं लागलं असतं, की तिला तरी अशी आखाजी कधी कुणी दिली का. तो उठला, आत गेला, आणि कुणी न सांगता तिच्यासाठी चहा ठेवला.